उंदीर, पिसू आणि पाणी

गावात उंदीर वाढले की आपण औषध टाकतो, आणि पाणी गढूळ आले की नगरपरिषदेकडे तक्रार करतो. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे आपण धरून चालतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकातही ‘प्राण्यांपासून होणारे रोग’ एका पाठात असतात आणि ‘दूषित पाण्यापासून होणारे रोग’ दुसऱ्या पाठात. गावातील प्रत्यक्ष परिस्थितीत मात्र असे दोन पाठ नसतात. नळाच्या गळक्या जोडाखाली ओल राहते, त्या ओलीशेजारी घूस बीळ करते, बिळामुळे पाइपाखालची माती खचते, जोड आणखी गळतो. ज्या पाण्यावर उंदीर जगला, तेच पाणी पुढे त्याच्या मुत्राने दूषित होऊन माणसाच्या पायाला लागते.

हा संबंध महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन कळला. त्याचा पहिला धडा मुंबईत १८९६ साली मिळाला आणि दुसरा मराठवाड्यात १९९४ साली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे १९९४ मध्ये हिंगोली, वसमत, कळमनुरी हा सारा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि परभणीची हद्द बीड जिल्ह्याला लागून आहे. तेव्हा बीडमध्ये जे घडले ते आपल्या शेजारच्या घरात घडले, असेच समजायला हवे.

गटारे धुतली, पण...

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्याचे निदान ‘ब्युबॉनिक प्लेग’ असे केले. जांघेत किंवा काखेत गाठ येते, म्हणून लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ असाही शब्द रूढ झाला होता. प्लेगचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. मात्र हा जिवाणू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच माहीत नव्हते. घाण, दमट हवा आणि जमिनीतून निघणारी दूषित वाफ यांवर बहुतेकांचा संशय होता.

त्यामुळे मुंबईच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे उपाय केला. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडून शहराची गटारे धुऊन काढली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तेथील गटारांत आणि वखारींत उंदरांची प्रचंड वस्ती होती. गटारात पाण्याचा लोंढा आला की उंदीर काय करणार? तो बाहेर पडणार आणि जवळच्या कोरड्या जागी, म्हणजे घरांत आणि वखारींत शिरणार. या धुलाईमुळे आजारी उंदीर नव्या वस्त्यांत पांगले असावेत, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. पाणी हे स्वच्छतेचे साधन खरे. पण उंदीर आणि पाणी यांचा एकत्र विचार न करता ते वापरले, तर उलटाही परिणाम होतो.

लोक शहर सोडून पळू लागले. काही महिन्यांत मुंबईतील सुमारे निम्मी वस्ती रिकामी झाली. पळणाऱ्यांच्या गाठोड्यांतून आणि रेल्वेने जाणाऱ्या धान्याच्या पोत्यांतून रोगही गावोगाव गेला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला, हे आपण जाणतोच. पुढच्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली.

टांगलेल्या पिंजऱ्यांचा पुरावा

उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवला. त्यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात प्लेगने मरणारा उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या. मग जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा त्याच भांड्यात सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पण पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर घेऊन हाच प्रयोग केला, तेव्हा निरोगी उंदराला काही झाले नाही.

सिमों यांच्या म्हणण्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. वैज्ञानिक शोधाच्या बाबतीत असे नेहमी घडते. एका प्रयोगाने मत बदलत नाही, त्याची पुनःपुन्हा पडताळणी करावी लागते. ती मुंबईत झाली. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. लिस्टन आणि १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगातील त्यांचे सहकारी यांनी गिनीपिगांवर अतिशय सोपे प्रयोग केले. ज्या जागेत प्लेगच्या पिसवा होत्या, तेथे काही गिनीपिगांचे पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर टांगले आणि काही दोन फुटांवर. दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. रोग हवेतून येत असता तर दोघांनाही व्हायला हवा होता. पण पिसूची उडी काही इंचांचीच असते. ती दोन फुटांवर पोहोचत नाही. बारीक जाळीने वेढलेल्या पिंजऱ्यांतले प्राणीही वाचले.

विद्यार्थ्यांना ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणजे काय हे शिकवताना आपण नेहमी परदेशातील उदाहरणे देतो. परळचे हे उदाहरण त्यांच्या तोडीचे आहे. बाकी सगळे सारखे ठेवून फक्त उंची बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे, इतका तो सरळ आहे.

आता साखळी स्पष्ट झाली. प्लेगचा जिवाणू मुळात रानातल्या कृंतक प्राण्यांमध्ये, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये टिकून राहतो. दख्खनच्या माळरानावरचा जेर्बिल हा शेपटीला झुबका असलेला उंदीर त्यांपैकी एक. त्याला संसर्ग होतो, पण तो सहसा मरत नाही. रानातला आणि घरातला उंदीर जवळ आले की पिसवांबरोबर जिवाणू घरउंदरात येतो. घरउंदीर मात्र झपाट्याने मरतात. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसू ते सोडते आणि दुसरा उंदीर शोधते. उंदीर उरलेच नाहीत तर ती माणसाला चावते. तिच्या जठराच्या तोंडाशी जिवाणूंचा बोळा बसलेला असतो. शोषलेले रक्त आत जात नाही, ते जिवाणूंसह पुन्हा जखमेत ओतले जाते. पिसू उपाशीच राहते आणि पुनःपुन्हा चावत सुटते. पिसूच्या पोटातला हा अडथळा बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवून दिला.

यातून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट निघते. उंदीर मरू लागणे आणि माणसे आजारी पडणे यांच्यामध्ये दोन ते तीन आठवड्यांची मुदत असते. जुन्या पिढीतल्या लोकांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण ‘उंदीर पडले’ हे शब्द कानावर येताच ते गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहात. त्यांचे वागणे शास्त्राला धरून होते.

मामला, ऑगस्ट १९९४

१९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. रोग संपला असे धरून प्लेगविषयक यंत्रणा हळूहळू ढिली पडत गेली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे माळवद असलेली. हीच घरे भूकंपात माणसांच्या अंगावर कोसळली. त्यामुळे जेथे घरे उभी राहिली तेथेही लोक आत झोपायला धजेनात. अनेक गावांत माणसे बाहेर पत्र्याच्या निवाऱ्यात आणि धान्य मात्र जुन्या घरात, अशी स्थिती झाली.

उंदरांच्या दृष्टीने याहून चांगले काय असणार? कणग्या, पोती आणि बळदे भरलेली, माणूस नाही, मांजर नाही, दिवा नाही. बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदरांची संख्या वाढली, ती अशा परिस्थितीत, असे साथीच्या अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. भूकंपाने रानातल्या उंदरांची बिळेही विस्कटली आणि ते वस्तीजवळ आले, असेही सुचवले गेले आहे. ऑगस्ट १९९४ च्या सुरुवातीला मामल्यात उंदीर मरून पडू लागले. त्यानंतर गावकऱ्यांनी पिसवा फार झाल्याची तक्रार केली. ऑगस्टच्या अखेरीस गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. सिमों आणि लिस्टन यांनी सांगितलेल्या क्रमानेच हे घडले: आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस. मधली मुदतही जवळजवळ तीन आठवड्यांचीच होती.

सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. हा प्रकार खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे पसरतो, म्हणून अधिक घातक. साथीच्या आधी तापी नदीला पूर येऊन सखल वस्त्यांत पाणी, चिखल आणि मेलेली जनावरे साचली होती. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. म्हणजे मामल्यात धान्य व रिकामी घरे आणि सुरतेत पूर व कचरा. दोन्ही ठिकाणी माणसाच्या वस्तीची घडी विस्कटली होती. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सुरतेने कचरा रोज उचलण्याची आणि गटारांची व्यवस्था लावली आणि थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत तिचे नाव घेतले जाऊ लागले.

प्लेग आता स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांनी बरा होतो, पण उपचार वेळेत मिळाले तरच. म्हणून ती तीन आठवड्यांची मुदत आजही तितकीच मोलाची आहे. हिंगोली परिसरालाही मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. धक्क्यांच्या भीतीने माणसे बाहेर राहू लागली तर घरातले धान्य आणि घरातला उंदीर यांकडेही लक्ष ठेवावे लागते, हे मामल्याने शिकवले आहे.

मारलेल्या उंदरांचे गणित

मग उंदीर मारून टाकणे हा उपाय नाही का? आहे, पण तो अपुरा आहे, आणि कधी कधी धोक्याचाही. प्रथम गणित पाहू.

एका वस्तीत १०० उंदीर आहेत असे समजा. त्यांपैकी ६० मारले. उरले ४०, त्यांत २० माद्या. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. एका वेताला ६ पिल्ले धरली तर २० माद्यांची १२० पिल्ले झाली. त्यांतली निम्मी जगली तरी ६०. म्हणजे ४० आणि ६० मिळून पुन्हा १००. पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. चार महिन्यांपूर्वी आपण काही केले होते याची खूणही उरत नाही.

येथे विद्यार्थी विचारतील, की मग उंदीर मारले नसते तर संख्या १०० च्याही पुढे गेली नसती का? चांगला प्रश्न आहे. गेली नसती. कारण १०० ही संख्या उंदरांच्या जननशक्तीने ठरलेली नव्हती. ती त्या वस्तीतील अन्न, पाणी आणि निवारा यांनी ठरलेली होती. जागा भरलेली असते तेव्हा पिल्ले उपासमारीने, मारामारीने मरतात किंवा दुसरीकडे जातात. आपण ६० मारले तेव्हा उरलेल्यांना दुप्पट खाणे मिळाले आणि त्यांची पिल्ले जगली. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातील उंदरांवर १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस यांनी केलेल्या अभ्यासातून हेच दिसले: नुसते मारल्याने संख्या पुन्हा पूर्ववत होते, अन्न आणि आसरा कमी केल्यावर ती कमी होऊन कमीच राहते. मुंबई महानगरपालिका वर्षानुवर्षे रात्रपाळीचे मूषक संहारक नेमते. काठी आणि विजेरी घेऊन ते कष्टाचे काम करतात, पण त्यांचे काम कधी संपत नाही, त्याचे कारणही हेच.

दुसरी गोष्ट विषाची. आपल्याकडे सर्वांत प्रचलित विष म्हणजे झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी. ती पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून तो मरतो. पण उंदीर नव्या अन्नाबाबत अतिशय सावध असतो. आधी थोडेसे चाखतो. त्रास झाला तर ते अन्न पुन्हा तोंडाला लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी कणकेच्या गोळ्या ठेवून त्याला सवय लावावी लागते. हे विष माणसालाही तितकेच मारक आहे आणि त्यावर खास उतारा नाही. घरातल्या मुलांच्या हाती ते लागू नये, याची जबाबदारी मोठ्यांची.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावात उंदीर आपोआप मरून पडत असतील तर त्या वेळी उरलेले उंदीर मारायला धावू नये. उंदीर मेला की पिसवा मोकळ्या होतात आणि त्या माणसाकडे वळतात. अशा वेळी आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक भुकटी धुरळायची आणि नंतरच उंदीर मारायचे. हे काम आरोग्य खात्याचे आहे. आपले काम म्हणजे तातडीने कळवणे.

ओल्या वाटेने येणारा रोग

प्लेग आज क्वचित आढळतो. उंदरामुळे होणारा आणि दरवर्षी पावसाळ्यात महाराष्ट्रात आढळणारा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पीळदार जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर आजारी दिसत नाही, पण महिनोन् महिने मुत्रावाटे जिवाणू बाहेर टाकत राहतो. कोरड्या जमिनीवर हे जिवाणू लवकर मरतात. ओल, चिखल आणि साचलेले पाणी यांत मात्र टिकतात. माणसाच्या पायाला भेग, खरचटणे, चिखल्या असतील तर तेथून ते शरीरात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात. उपचार लांबले तर कावीळ होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लाखो माणसे कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी गेली. पुढच्या काही आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, भाताच्या चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये हा रोग परिचयाचा झाला आहे. हिंगोलीचा पाऊस कोकणापेक्षा पुष्कळ कमी, पण कयाधूकाठच्या सखल वस्तीत पाणी शिरते, सोयाबीनच्या काळ्या रानात चिखल होतो आणि जनावरांच्या गोठ्यात बारमाही ओल असते. त्यामुळे पायाला जखम असताना चिखलात उतरायचे तर बूट घालावेत आणि पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नये, हे येथेही तितकेच खरे.

प्लेगच्या साखळीत दुवा पिसूचा होता, येथे तो पाण्याचा आहे. दोन्ही साखळ्यांचे पहिले टोक एकच: माणसाच्या वस्तीत सुखाने राहणारा उंदीर.

नळ, खड्डा आणि मोटार

हिंगोली जिल्ह्यातून पूर्णा, पैनगंगा आणि कयाधू या नद्या वाहतात. हिंगोली शहराच्या नळाला पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाचे पाणी येते. धरणातले पाणी शुद्ध करून जलकुंभात चढवले जाते. तेथपर्यंत सगळे ठीक असते. खरी अडचण जलकुंभापासून घरापर्यंतच्या वाटेत येते.

मराठवाड्यातील बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी चोवीस तास नसते, ठरावीक दिवशी ठरावीक वेळ असते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. भरलेल्या पाइपातून पाणी बाहेर गळते, आणि रिकाम्या होत जाणाऱ्या पाइपात बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप गटाराशेजारून जात असेल आणि जोड सैल असेल, तर आत काय येईल हे सांगायला नको. त्यात आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती आक्रसून तिला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. या ओढाताणीत पाइपांचे जोड सुटतात. भेगा आणि ओल दोन्ही मिळाल्यावर घुशीला बीळ करायला कष्ट पडत नाहीत.

दाब कमी म्हणून लोक नळ खाली घेतात आणि त्यासाठी खड्डा करतात. खड्ड्यात सांडपाणी साचते, नळाचे तोंड त्यात बुडते. कोणी नळाला थेट मोटार लावतो. ती पाण्याबरोबर शेजारच्या फटींतली घाणही ओढून घेते. उन्हाळ्यात रानातली डबकी आटतात, तेव्हा पाण्यासाठी उंदरांनाही वस्तीतल्या याच ओलीवर यावे लागते. मोठ्या उंदराला आणि घुशीला रोज पाणी लागते. ज्वारीच्या पोत्यामुळे त्यांचे खाणे भागते, पण तहान भागवायला गळका नळ, उघडा हौद, तुंबलेले गटार हवेच. ओल मिटवली की तेथे उंदीर टिकणे अवघड होते आणि पाइपात शिरणारी घाणही थांबते. एकाच कामाने दोन गोष्टी साधतात, त्या अशा.

यासाठी मोठ्या योजनेचीच वाट पाहायला हवी असे नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरवले. उघडी गटारे गेली आणि डास कमी झाले, म्हणून ते गाव नावारूपाला आले. डासाला जे पाणी लागते तेच उंदरालाही लागते. फक्त शोषखड्डा विहीर किंवा हातपंप यांपासून निदान १५ मीटर दूर असावा, नाही तर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात उतरायचे.

पाणी घरी आल्यावर शेवटचा राखणदार क्लोरिन. गावात टीसीएल म्हणून ओळखली जाणारी विरंजक भुकटी १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम या प्रमाणात वापरतात. ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो, म्हणजे एका लिटरला सुमारे १.६ मिलिग्रॅम. भुकटीचे पोते ओलीत किंवा उन्हात उघडे राहिले तर क्लोरिन उडून जातो आणि मोजमाप बरोबर असूनही पाणी निर्जंतुक होत नाही. अर्ध्या तासानंतर पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरिन आहे, रंगच आला नाही तर तो संपला आहे. शिल्लक क्लोरिन लेप्टोस्पायरालाही मारतो. ग्रामपंचायतीला आरोग्य खाते जे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते, ते पाण्याच्या स्रोताभोवतीच्या या सगळ्या गोष्टी पाहूनच. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

वर्गाबाहेरचा तास

शाळेत याविषयी काय करता येईल? आठवी-नववीच्या मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक गल्ली द्यावी. गल्लीचा साधा नकाशा काढून त्यावर तीन प्रकारच्या खुणा करायच्या: नळाचे खड्डे आणि गळके जोड निळ्या रंगाने, उंदराची व घुशीची बिळे काळ्या रंगाने, उघडा कचरा व धान्याचे सांडणे लाल रंगाने. कोणत्या काळ्या खुणा निळ्या किंवा लाल खुणांच्या पाच पावलांच्या आत येतात, हे मोजायचे. बीळ चालू आहे की ओस, हे ओळखायला संध्याकाळी ते मातीने बुजवावे. सकाळी पुन्हा उकरलेले दिसले तर चालू. बिळात हात किंवा काठी घालू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. ओटी चाचणी शिक्षकांनी स्वतः करून दाखवावी, त्या द्रावणाला मुलांनी हात लावू नये.

या निमित्ताने चिचुंद्रीही ओळखता यावी. लांब नाकाची, उग्र वासाची, चीं-चीं करणारी चिचुंद्री उंदीर नाही; ती किडे खाणाऱ्या प्राण्यांच्या गटातली आहे. तिचे दात कुरतडायचे नसतात.

सर्वेक्षणाचा नकाशा ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला द्यावा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तोच नकाशा काढला तर कोठे सुधारणा झाली आणि कोठे नाही, हे मुलांनाच दिसेल.

एक नियम मात्र वर्गात लिहूनच लावावा. जखम किंवा विषाचे कारण नसताना एकाच ठिकाणी तीन-चार मेलेले उंदीर दिसले, तर त्यांना हात लावायचा नाही, शेपटी धरून फेकायचे नाही, त्याच दिवशी शिक्षकांना सांगायचे, आणि शिक्षकांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल. पण मेलेला उंदीर आधी मोठ्यांना दिसत नाही, तो ओसाड वाड्यात, गोठ्यामागे, शाळेच्या कोठीत खेळणाऱ्या मुलांना दिसतो. उंदीर आणि माणूस यांच्यामधले ते दोन-तीन आठवडे वाया जाऊ द्यायचे नसतील, तर पहिली बातमी याच मुलांकडून यायला हवी.